वाट्यांचा मान

टक्!… टक्! टक्! टक्!… असा आवाज. पस्तीसेक वर्षं झाली असतील त्याला, पण अजून कानातून जात नाही बघा. भेंडीचं टोक मोडल्याचा आवाज! आणि एक भेंडी नव्हे हो, अख्खा ढीग! मी आपला भाजीवाल्याशी बोलतोय, आणि कडेवरची माझी पोर, जिला अजून धड चार शब्द बोलता येत नव्हते, ती खाली वाकून एकेक भेंडी उचलतेय, टोक मोडतेय आणि कोवळी असली तरी टाकतेय, जून असली तरी टाकतेय… भाजीवाला म्हणाला, "शिंपीदादा, आता ही कोण नेणार? तुम्हीच न्या सगळी!" नेली. न नेऊन सांगतो कुणाला? मग घरात सकाळी भेंडी, संध्याकाळी भेंडी, आणि आमची ही ताट वाढताना म्हणतेय, "पोरीला 'नको' म्हणायला तोंडातल्या टाचण्या काढता येत नव्हत्या का?"

आता तीच पोर! स्वतः भाजी पिकवते, स्वतः टेम्पो चालवत आणते, आणि तिच्या भेंडीला कुणी नुसतं बोट लावू दे… "काका, मोडायची नाही हं! मोडलेली तुमच्याच पिशवीत जाईल!" असं आहे. आणि त्याच माझ्या पोरीच्या भाजीचे वाटे घालायचा मान आमच्या इमारतीतल्या लोकांनी माझ्याकडून काढून घेतला. काढून घेतला हो! का, तर म्हणे मी तिचा बाप आहे. अहो, बाप असणं हा काय गुन्हा आहे? मी होऊन अर्ज केला होता का?

मी मुळात कमी बोलणारा माणूस, तुम्हाला सांगतो. जन्मभर शिवणकाम केलं. तोंडात टाचण्या धरून उभा राहिलेला माणूस बोलणार काय आणि कसा? गिऱ्हाईक म्हणतंय, "मास्तर, पोटात जरा सैल ठेवा," आपण म्हणायचं "हं." गिऱ्हाईक म्हणतंय, "मागच्या वेळी तुम्ही बाही आखूड केलीत," आपण म्हणायचं "हं." बोललो असतो तर टाचण्या गिळल्या असत्या. शाळा चौथीतच सुटली, तेव्हा बोलण्यासारखं तसं काही जमाही झालेलं नव्हतं. पण हे जरा ऐकाच.

तर झालं असं. पोरगी चांगल्या कचेरीत होती. खुर्ची गोल फिरणारी, हवा गार, दाराला काच. एक दिवस आली आणि म्हणाली, "बाबा, मी नोकरी सोडली. जमीन कसायला घेतलीय, भाजी करणार." आमची ही मटकन बसलीच. मी म्हणालो, "हं." पोरीला माझं 'हं' कळतं. 'हं' म्हणजे 'कर'.

आणि केली हो तिने! दुकानात घालायची नाही, दलालाला द्यायची नाही. घराघरांशी थेट बोलायचं, सगळ्या हंगामाचं आधी ठरवायचं, आणि दर गुरुवारी जे शेतात निघेल ते आणून द्यायचं. जे निघेल ते! तुमच्या मनात काय आहे ते नव्हे, मातीच्या मनात काय आहे ते. आम्ही तेव्हा नुकतेच मुलाकडे, या इमारतीत राहायला आलो होतो, कुणी आम्हाला ओळखत नव्हतं. इमारतीतल्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी पुढाकार घेतला, बरीच घरं तयार झाली. मी आनंदाने खाली निघालो सगळ्यांना सांगायला, तर पोरीने जिन्यातच अडवलं. "बाबा, कुणाला सांगायचं नाही मी तुमची कोण ते."

"का गं?"

"ओळखीने घेतलेली भाजी लोक एकदा घेतात. चवीने घेतलेली परत परत घेतात. आणि तुमची मुलगी म्हटलं की तोंडावर गोड बोलतील. माझं काय चुकतंय ते मला कळणारच नाही."

मी म्हणालो, "हं." आणि तेव्हापासून बघा, माझी पोटची पोर, चारचौघांत मला काय म्हणते? आजोबा! "आजोबा, जरा बाजूला व्हा, टेम्पो मागे घेतेय." आजोबा! आणि काय मागे घेते हो टेम्पो! त्या फाटकातून सायकलवाला उतरून जातो, आणि ही एका दमात, आरशात बघून, खांबाला केसभरही न लागता… माझी छाती अशी फुगायची, आणि मला तोंड फिरवून भिंत बघावी लागायची. भाजी देऊन झाली की ती आमच्याकडे वर यायची, आईच्या हातचं जेवायची, पाय पसरून घटकाभर पडायची. आणि खाली बायका म्हणायच्या, "किती गुणाची आहे हो, म्हाताऱ्यांना भाजी वर पोचवायला जाते, आणि बसून गप्पापण मारते!"

बरं, वाट्यांचं सांगायचं राहिलं. भाजी यायची ढिगांनी. ती खाली, गाड्या लावतात तिथे, ताडपत्रीवर ओतायची, आणि घरटी एकेक सारखा वाटा घालायचा. तो घालायचा कुणी? यांच्यात एकाचा दुसऱ्यावर विश्वास नाही. शेवटी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हे आजोबा घालतील. बोलत नाहीत, म्हणजे भांडणार नाहीत." आणि नियम काय, तर वाटे घालणाऱ्याने सगळ्यांच्या शेवटी घ्यायचं. उरेल तो वाटा त्याचा. म्हणजे हातचलाखीला जागाच नाही!

मी मुळात कमी बोलणारा माणूस, पण काम म्हटलं की काम. गळ्यात टेप होतीच, जन्माची सवय. मी प्रत्येक कोबीची छाती मोजायचो. हसू नका! काकडीची उंची, दुधीचा घेर, वांग्याला वांगं जोडीने बघून… मोठ्या बिटाला लहान गाजर, लहान बिटाला मोठं गाजर… असे सारखे वाटे पडायचे हो, की एका कापडातून कापल्यासारखे. आणि मग व्हायचं काय? लोक येऊन उभेच! कुठला घ्यावा कळेना! या वाट्याकडून त्या वाट्याकडे, त्या वाट्याकडून परत या वाट्याकडे… एक बाई तर रडकुंडीला आल्या, "आजोबा, एखादा तरी जरा वाईट घाला ना, म्हणजे दुसरा उचलता येईल!" सांगा, याला काय म्हणायचं? पाऊण तास मी कौतुकाने उभा.

आणि गिऱ्हाइकं तरी कशी! जन्मभर गिऱ्हाईक बघितलं मी, पण कापडाचं गिऱ्हाईक वेगळं आणि भाजीचं गिऱ्हाईक वेगळं. डॉक्टरीणबाई विचारायच्या, "ताई, फवारणी नाही ना केली? नक्की ना? शपथ?" पोरगी म्हणायची, "नाही केली." मग पुढच्या गुरुवारी त्याच बाई, "ताई, अहो कोबीत अळी निघाली!" मग निघणारच ना! फवारा नको, अळी नको, मग अळीला काय पत्र पाठवून कळवायचं? कुणाला शेतातली ताजी हवी पण माती लागलेली नको. कुणाला 'निसर्गात येईल तसं' हवं, पण टोमॅटो बारा महिने. आणि सगळ्यांवर कडी म्हणजे पहिल्या मजल्यावरचे घड्याळजी! घड्याळं दुरुस्त करायचा धंदा, त्यामुळे डोळ्याला लावायचं ते भिंग खिशातच. पालेभाजीची जुडी उचलली की भिंग डोळ्याला! एकेक पान उलटं, सुलटं… "आजोबा, हे बघा! अंडी आहेत! हालतंय, हालतंय बघा!" मला नुसतं हिरवं दिसायचं. पण त्यांच्या मागची रांग तिथेच अर्धी व्हायची.

आणि आता ऐका, माझं कुठे चुकलं ते. एका गुरुवारी फ्लॉवर आला होता. काय फ्लॉवर! पांढराशुभ्र, घट्ट, नव्या पांढऱ्या कापडाचा तागा उलगडावा तसा. मी एक गड्डा हातात घेऊन बसलो होतो. आणि बसलोय ते बसलोच. डॉक्टरीणबाई मागून म्हणाल्या, "काय आजोबा, फ्लॉवरकडे बघून हसताय? नातवाकडे बघावं तसे?"

सापडलो! आता बिंग फुटणार, आणि पोरगी म्हणणार, बाबा, एवढंसं गुपित तुम्हाला ठेवता आलं नाही? घाईत मी काय करावं? म्हणालो, "हसू नको तर काय करू? हा काय फ्लॉवर आहे? चव ना ढव. नुसता फुगलेला."

आणि तुम्हाला सांगतो, सगळे गप्प! मी बोललो म्हणून. चांगलं लागू पडलं की हो, असं मला वाटलं. संशय गेला! मग मी दर गुरुवारी एकेक ठेवून द्यायला लागलो. "गाजरं काय ही, पेन्सिली आहेत." "दुधी आहे की उशी?" "टोमॅटोला रंग आहे, पण सांगायला नुसता." एकदा सुरू झालं की थांबता येईना हो! जन्मभराच्या टाचण्या एकदम तोंडातून निघाल्या! आणि मी पोरीकडे चोरून बघायचो, की बघ, कसं बेमालूम लपवलं. ती खाली मान घालून क्रेट मोजायची. वर आली की जेवताना एक शब्द नाही. आमची ही म्हणाली, "अहो, अति करताय. दुसऱ्याची निंदा करावी तशी करताय." मी म्हणालो, "तुला काय कळतंय? याला गुप्तता म्हणतात."

हंगाम संपला. पुढच्या हंगामाला कोण राहणार, कोण जाणार, ते ठरवायला सगळे खाली जमले. पोरीने रोपं आधीच टाकलेली. इतकी घरं आहेत या हिशोबाने वाफे केलेले. निम्मी घरं जरी गळाली असती, तरी तिला परत त्या गोल फिरणाऱ्या खुर्चीत जाऊन बसावं लागलं असतं. हे मला माहीत होतं, तिला माहीत होतं, आणखी कुणाला नाही. ती टेम्पोला टेकून उभी होती, हाताची घडी घालून. नखांत माती.

डॉक्टरीणबाई उभ्या राहिल्या. त्यांचं सगळं पद्धतशीर. "प्रत्येकाने मोकळेपणी सांगायचं. फार समाधानी, समाधानी, ठीक, असमाधानी, फार असमाधानी. यातलं एक." जसं काही मापंच घ्यायची होती… छाती, कंबर, समाधान!

पहिल्या बाई म्हणाल्या, "मी समाधानी होते खरं तर… पण आजोबा म्हणाले फ्लॉवरला चव नाही, मग मलापण तसंच लागायला लागलं." दुसरे गृहस्थ म्हणाले, "असमाधानी. गाजरांचं आजोबांनी सांगितलंच आहे." तिसऱ्या म्हणाल्या, "इतकी वर्षं… म्हणजे इतके महिने बघतेय, आजोबा कधी तोंड उघडत नाहीत. तो माणूस बोलतोय म्हणजे भाजीत काहीतरी खोट असणारच!" आणि घड्याळजी! भिंग खिशात ठेवून म्हणाले, "मला तर अळीच दिसली. आजोबांना चष्म्याशिवाय दोष दिसले. मी आणखी काय सांगणार?"

बघा! बघा काय झालं ते! कमी बोलणाऱ्या माणसाच्या बोलण्याला किती वजन असतं, ते मला सत्तरीनंतर कळलं, आणि कळलं तेही कधी? ते वजन माझ्याच पोरीच्या मानेवर ठेवून झाल्यावर. मी तिच्याकडे बघितलं. रडत नव्हती. रडणाऱ्यातली नाहीच ती. फक्त टेम्पोचा मागचा फाळका सारखा लावत होती, काढत होती, लावत होती.

मी उठलो. म्हणालो, "फार समाधानी!"

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कोण?"

"मी! फार समाधानी! त्याच्यावर आणखी काही असेल तर तेसुद्धा लिहा! फ्लॉवरला चव होती. अशी चव, की त्याच्या देठाची भाजी आमच्या हिने वेगळी केली आणि मी कढई पुसून खाल्ली. गाजरं गोड होती. पेन्सिली होत्या, पण गोड पेन्सिली! टोमॅटो चिरताना घरभर वास सुटायचा, माझा मुलगा ऑफिसच्या कपड्यांत येऊन मीठ लावून उभ्या उभ्या खायचा…" आणि मी सुटलोच. बिटापासून काकडीपर्यंत एकेक भाजी घेतली. मध्ये श्वास घेतला की नाही ते आठवत नाही. थांबलो तेव्हा सगळे माझ्याकडे असे बघतायत, जसं काही शिवणयंत्रच आपोआप चालायला लागलंय.

मग घड्याळजी हळूच म्हणाले, "आजोबा… तिने तुम्हाला काही फुकट देऊ केलंय का?"

फुकट! माझ्या पोरीच्या मेहनतीला! डोकंच फिरलं. म्हणालो, "घड्याळजी, तुम्ही माणसाला ओळखायला तरी भिंग लावा! ती माझी मुलगी आहे!"

झालं. वर कुणाच्या तरी घरात कुकरची शिट्टी झाली, तेवढीच.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुमची? म्हणजे… सख्खी?"

"मग काय उसनी?"

"मग इतके दिवस नावं कशाला ठेवत होतात तिच्या भाजीला?"

"अभिमान लपवायला!" मी म्हणालो. "अहो, लपत नव्हता तो. फुगून बाहेर यायचा. त्यावर काहीतरी झाकण घालायला हवं होतं, हाताला निंदा लागली, ती घातली."

टेम्पोकडून आवाज आला, "बाबा, बसा आता."

बाबा! त्या जागेत पहिल्यांदा! चारचौघांत! मी बसलो हो, पण खाली बसलो की वर, ते मला कळलं नाही. मग ती पुढे आली. म्हणाली, "बाबांचं कौतुक सोडा आणि बाबांची निंदापण सोडा. तुम्ही खाल्लीत ना भाजी? तुमच्या जिभेला काय लागलं ते सांगा. कोबीत अळी होती, मला माहीत आहे. पुढच्या वेळी लागवड आधी करणार आहे, कमी लागेल. लागणारच नाही असं मी सांगणार नाही."

मग काय झालं असेल? लोक एकमेकांकडे बघायला लागले. पहिल्या बाई म्हणाल्या, "खरं सांगू का? आमच्याकडे फ्लॉवर पुरायचाच नाही." त्या गाजरवाल्या गृहस्थांची बायको म्हणाली, "हे गाजरं कच्चीच खाऊन टाकायचे, मला भाजीला ठेवायचे नाहीत, आणि वर असमाधानी!" घड्याळजींनी खिशातलं भिंग काढलं, परत ठेवलं. मग म्हणाले, "अळी मला दर आठवड्याला दिसली, हे खरं आहे. पण दुकानातल्या कोबीत एकदाही दिसली नाही. मी विचार करतोय, जी वस्तू अळीसुद्धा तोंडात घेत नाही, ती मी इतकी वर्षं का खात होतो?"

राहिली! सगळी राहिली! एक घर तेवढं गेलं, ते बारमाही टोमॅटोवालं, त्यांना सुखाने जाऊ दे. पोरीचे वाफे वाचले, रोपं वाचली. मी आनंदाने टेप गळ्यात सारखी करतोय, तोच डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मात्र एक बदल. आजोबांचं भाजीवाल्या ताईंशी नातं निघालंय. तेव्हा नियमाने आजोबांना वाटे घालता येणार नाहीत." आणि माझा मान कुणाला दिला? घड्याळजींना! मी पोरीकडे बघितलं, ही तरी काही बोलेल. तर ती म्हणते, "बरोबर आहे." बरोबर आहे!

मी कमी बोलणारा माणूस, तुम्हाला सांगतो, म्हणालो, "हं."

तर काल नव्या हंगामाचा पहिला गुरुवार. घड्याळजी वाटे घालतायत, एका वाट्याला भिंग लावायला त्यांना इतका वेळ, की भाजी परत उगवेल. आणि मी रांगेत. साधं गिऱ्हाईक! माझा नंबर आला, वाटा उचलला, त्यात मुळ्याची जुडी. मी अंगठा लावून बघितला. आता जन्मभर जे हाताने जोखलं ते हात थोडेच विसरणार? मनात म्हटलं, पोरीला खरं ऐकायचं होतं ना, गोड नको होतं ना? मग आता मी बाप म्हणून निंदा करणार नाही आणि बाप म्हणून कौतुकही करणार नाही. म्हणालो, मोठ्याने, सगळ्यांदेखत, "ताई, मुळा जून झालाय तुमचा. आठवडाभर आधी काढायला हवा होता."

घड्याळजींच्या डोळ्यावरून भिंग गळून पडलं. पोरगी टेम्पोवरून उतरली. सरळ माझ्यापर्यंत चालत आली. माझ्या डोळ्यांत बघितलं. जुडीतला एक मुळा ओढला, पदराला… पदर कुठला, विजारीला पुसला, आणि कचकन मोठा घास घेतला. चावतेय… चावतेय… सगळे तिच्या जबड्याकडे बघतायत… चावतेय… डोळ्यांत पाणी आलं, कान लाल झाले, पण थुंकली नाही हो! दोरासारखा झाला असणार तोंडात, तरी पोरीने गिळला. खरं असलं की ती वाद घालत नाही, कधीच घातला नाही. उरलेला अर्धा मुळा माझ्या हातात परत ठेवला, वळली, आणि एक शब्द न बोलता चालायला लागली.

माझ्यावर गेलीये. कमी बोलते.